मजकूर सदस्याचा, नोटीस अ‍ॅडमिनला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, गल्लीतल्या तरुण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन. ग्रुपवर ४१२ जण. गणपती झाल्यावर एका सदस्याने रात्री साडेअकराला लिहिलं, की खजिनदाराने वर्गणीतले दोन लाख स्वतःच्या घराच्या स्लॅबला घातले. खाली अंगठ्यांची रांग लागली, त्यात एक अंगठा तुमचाही. दोन दिवसांनी तोच मजकूर तुमचा भाचा चालवतो त्या पेठेच्या फेसबुक ग्रुपवर आला. आता खजिनदाराच्या वकिलाची नोटीस तिघांना आली आहे: लिहिणाऱ्याला, तुम्हाला आणि भाच्याला. २५ लाखांची नुकसानभरपाई मागितली आहे, वर फौजदारी करू असं बजावलंय. तुमचं म्हणणं, ‘मी एक अक्षर लिहिलं नाही, मग मी आत जाणार का?’

नुसतं अ‍ॅडमिन आहात म्हणून नाही. एवढं वाचून रात्री झोप घ्या. पण तुमचा तो अंगठा आणि भाच्याने दाबलेलं ‘अप्रूव्ह’ हे दोन मुद्दे सारखे नाहीत, आणि माझ्या मते तुमच्यापेक्षा भाच्याची बाजू अवघड आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात सामुदायिक सेवेचीही सोय केली आहे. हा गुन्हाच ठेवू नये असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या प्रकरणात न्यायालयाने तो घटनेला धरून आहे असं सांगितलं, त्यामुळे तो मुद्दा संपला. कलमाची भाषा नीट वाचा: जो आरोप ‘करतो’ किंवा ‘प्रसिद्ध करतो’, आणि त्याने त्या माणसाच्या लौकिकाला धक्का लागेल हे त्याला माहीत असतं किंवा कळायला हवं असतं, तो गुन्हेगार. करणारा आणि प्रसिद्ध करणारा. ‘ज्याच्या ग्रुपवर आलं तो’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आपल्याकडे मात्र लोकांच्या डोक्यात उलटंच बसलंय, आणि त्याला कारण आहे. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापुरात जे घडलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी पोलिसांच्या आवाहनात ‘ग्रुप अ‍ॅडमिनला जबाबदार धरलं जाईल’ हे वाक्य हमखास असतं. पण तो विषय दोन समाजांत तेढ निर्माण करण्याचा. तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात; त्याची कलमं वेगळी आणि त्यात पोलिसांचे अधिकारही वेगळे. एका माणसाची बदनामी हे प्रकरण त्यात मिसळू नका.

तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम निकाल आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण. एका ग्रुपवर एका सदस्याने ग्रुपमधल्याच महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून २०१६ मध्ये अ‍ॅडमिनवरच गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी किशोर तरोणे यांच्या या प्रकरणात तो गुन्हा आणि त्यावरचा खटला रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. अ‍ॅडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच आहे; मजकूर येण्याआधी तो वाचून थांबवण्याची सोय त्याच्याकडे नाही. एकाच्या कृत्याची फौजदारी जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची तर कायद्यात तशी तरतूद हवी, ती नाही. आणि दोघांचं आधी संगनमत होतं, असं दाखवणारं काही नसेल तर अ‍ॅडमिनला गोवता येत नाही. निकाल दोन न्यायमूर्तींच्या पीठाचा आहे, म्हणजे कसबा बावड्यातल्या आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक आहे. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये याच अंगाने निकाल दिला.

दिवाणी बाजूला दिल्ली उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१६ चा निकाल उपयोगी पडतो. तो थेट बदनामीच्या दाव्यातलाच आहे. तिथेही ग्रुपच्या अ‍ॅडमिनला प्रतिवादी केलं होतं. न्यायालयाने म्हटलं, की अ‍ॅडमिनला जबाबदार धरणं म्हणजे बदनामीकारक बातमी छापली म्हणून कागद बनवणाऱ्या कारखान्याला धरण्यासारखं आहे. दिल्लीचा निकाल इथे बंधनकारक नाही, पण दाखवता येतो आणि आपली न्यायालयं तो वाचतात.

इथवर वाचून तुम्ही निर्धास्त व्हाल, म्हणून आता मला खटकणारी गोष्ट सांगतो.

नागपूरचा निकाल २०१६ च्या घटनेवर आहे. त्या वेळी दुसऱ्याचा मेसेज काढून टाकण्याची सोय अ‍ॅडमिनला नव्हती. २०२२ पासून ती आली आहे. आज तुम्ही कोणाचाही मेसेज बोट दाबून धरून सगळ्यांसाठी डिलीट करू शकता. समोरचा हुशार वकील असेल तर तो नेमकं हेच विचारणार: ‘तुम्हाला मजकूर माहीत होता, काढता येत होता, अशिलाने फोन करून विनंतीही केली, तरी तुम्ही दहा दिवस का ठेवलात?’ फौजदारीत यामुळे तुमच्यावर दोष येईल असं मला वाटत नाही, कारण मजकूर आधीच प्रसिद्ध झालेला आणि तो दुसऱ्याने केलेला. पण दिवाणी दाव्यात, कळल्यानंतरही तुम्ही तो राहू दिलात, म्हणजे प्रसिद्धी चालू ठेवण्यात तुमचा हात आहे, असा युक्तिवाद करायला जागा आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक अ‍ॅडमिनला मी विचारतो, की तुम्हाला कळलं कधी, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत? तुमच्या पत्रात याचं उत्तर नाही. खजिनदाराने तुम्हाला फोन केला होता का, केला असेल तर कोणत्या तारखेला, हे आधी आठवून लिहून ठेवा.

आता तो अंगठा. अंगठा दाखवणं म्हणजे प्रसिद्ध करणं नव्हे, असं मी ठामपणे मांडेन. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बद्दल, म्हणजे अश्लील मजकुराच्या कलमाबद्दल, असाच फरक केला: पोस्ट लाइक करणं वेगळं आणि ती पुढे पाठवणं वेगळं. ते बदनामीचं प्रकरण नव्हतं, पण तर्क तोच लागतो. तुमच्या अंगठ्याने मजकूर एकाही नव्या माणसाकडे गेला नाही. तरी त्याने नुकसान झालंय, ते दुसऱ्या जागी. संगनमत नव्हतं, मजकूर मला पसंत नव्हता, हे तुम्हाला सांगायचंय, आणि समोरच्याकडे तुमचा अंगठा असलेला स्क्रीनशॉट आहे. तो आता काढून घेऊ नका. काढलात तर लपवाछपवी केल्यासारखं दिसतं, आणि स्क्रीनशॉट तर आधीच निघालेला असणार. ‘सवयीने दाबला, मेसेज पाहिला एवढंच त्याचा अर्थ’ हे खरं असेल तर तसं नोटिशीच्या उत्तरात लिहा. खरं नसेल तर लिहू नका, कारण उलटतपासात तेच वाक्य गळ्यात येतं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांची मात्र सुटका नाही. ‘जसं आलं तसं पाठवलं’, ‘खात्री नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा’ असं वर लिहिलं की आपण मोकळे, हा समज मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. कायद्याच्या नजरेत पुढे पाठवणारा हा नवा प्रसिद्ध करणारा असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्विटरवरच्या मजकुराबद्दल हेच सांगितलं, की बदनामीकारक मजकूर रीट्विट करणाऱ्यावर कलम ४९९ लागू शकतं. नाव घेतलं नाही म्हणून वाचलो, हेही चूक. ‘आपल्या मंडळाचा तिजोरी सांभाळणारा’ एवढं म्हटलं तरी पेठेत कोणाला कळायचं राहतं? वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला की झालं.

भाच्याचं प्रकरण इथेच वेगळं होतं. त्याच्या फेसबुक ग्रुपवर पोस्ट आपोआप पडत नाही. ती आधी त्याच्याकडे येते, तो वाचतो, ‘अप्रूव्ह’ करतो, मग ती लोकांना दिसते. दिल्लीच्या ज्या निकालाचा तुम्हाला आधार आहे, त्यातच न्यायालयाने एक गोष्ट नोंदवली होती, की अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय मजकूर पडूच शकत नाही अशी तिथे स्थिती नव्हती. भाच्याकडे नेमकी तीच स्थिती आहे. त्याची जागा कागदाच्या कारखान्याची नाही, ती वर्तमानपत्राच्या संपादकाच्या जवळ जाते. ‘एवढ्या पोस्ट येतात, न वाचता दाबतो’ हा बचाव तो करू शकेल, पण तो बचाव न्यायाधीशांना पटवणं सोपं नाही. म्हणून तुम्ही दोघांनी एकच वकील आणि एकच उत्तर द्यायचा विचार असेल तर तो सोडा. तुमचं उत्तर वेगळं जाऊ दे, त्याचं वेगळं.

लोक विचारतात, मग फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप कंपन्या कशा सुटतात? त्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण आहे. त्या मध्यस्थ आहेत, मजकूर त्यांचा नाही. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ रद्द केलं, तेव्हाच हेही स्पष्ट केलं, की कंपनीला मजकुराची ‘माहिती झाली’ असं म्हणायचं तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना हवी. कोणीही ईमेल केला म्हणून ती बांधील होत नाही. खजिनदाराला फेसबुकवरून पोस्ट उतरवून घ्यायची असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नाही ऐकलं तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम. भाच्याने ती आजच उतरवली तर हा सगळा खटाटोप वाचेल.

२५ लाखांच्या आकड्याने घाबरू नका. नोटिशीत आकडा लिहायला काही लागत नाही. दावा लावताना मात्र मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, आणि तिथे बरेच आकडे खाली येतात. मुदतही पाहा. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो, फौजदारीला तीन वर्षं आहेत. मजकूर अजून तिथेच दिसतोय म्हणून रोज नवं वर्ष सुरू होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका फेसबुक पोस्टच्याच दाव्यात म्हटलंय.

पोलीस पकडून नेतील ही भीती काढून टाका. हा गुन्हा अदखलपात्र आहे, जामीनपात्र आहे आणि तडजोडीने मिटवता येतो. पोलीस ठाण्यात गेल्यावर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतात, पुढचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय करता येत नाही. खजिनदाराला खाजगी फिर्याद दाखल करावी लागेल, तीही बदनामी झालेल्याने. त्याच्या वतीने मंडळाचा दुसरा कोणी उठून ती करू शकत नाही, काही अपवाद सोडले तर. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मध्ये, एक मोठा बदल झालाय: न्यायदंडाधिकाऱ्यांनी दखल घेण्यापूर्वी आरोपीला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायची. पूर्वी थेट समन्स हातात पडायचं तेव्हाच माणसाला कळायचं. या टप्प्यावर नागपूरचा निकाल पुढे ठेवा. तरी प्रोसेस, म्हणजे समन्स, निघालीच, तर रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार कित्येक वर्षं यासाठी रस्त्यावर उतरले. आता अशा एका अर्जासाठी रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठावी लागत नाही. ज्याने त्या फेऱ्या मारल्यात त्यालाच हे काय आहे ते कळेल.

पुरावा. इथे दोन्ही बाजू सारख्याच चुकतात. मागे एक गृहस्थ माझ्याकडे स्क्रीनशॉटच्या अकरा रंगीत प्रिंट घेऊन आले. बदनामी स्पष्ट होती, माणूसही खरा दुखावलेला. पण प्रत्येक प्रिंटवर पाठवणाऱ्याच्या जागी त्यांनी स्वतः सेव्ह केलेलं टोपणनाव होतं, नंबर कुठेच नाही. चार प्रिंट कडेने कापलेल्या, त्यामुळे तारीख गेलेली. आणि मूळ फोन त्यांनी दरम्यान एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. न्यायालयात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्ही असं करू नका. मेसेज, त्याच्या वरचे-खालचे मेसेज, पाठवणाऱ्याचं प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असं पान, ग्रुपची माहिती आणि अ‍ॅडमिनची यादी, या सगळ्याचे पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर बंद करा. फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५-ब. त्याशिवाय प्रिंटची किंमत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून आलेल्या अर्जुन खोतकरांच्या प्रकरणात पक्कं केलंय. नव्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक, तोही द्यावा लागतो आणि तज्ज्ञाची सही लागते, म्हणून ते काम घाईत शेवटच्या दिवशी होत नाही.

हे सगळं जपून झालं की मगच मेसेज डिलीट करा. क्रम उलटा केलात तर स्वतःच्या बचावाचा पुरावा स्वतः पुसाल. त्यानंतर ग्रुपवर असं लिहा: ‘अमुक तारखेला मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याविषयी टाकलेला मजकूर काढला आहे. त्यास अ‍ॅडमिनचा दुजोरा नाही. तो कोणी पुढे पाठवू नये.’ बस्स. आरोप काय होता हे त्यात पुन्हा लिहू नका. खुलासा करताना अख्खा आरोप परत छापणारे मी पाहिलेत. ती दुसरी प्रसिद्धी होते, आणि ती तुमच्या हातची असते.

आता खजिनदाराबद्दल. तुम्ही त्यांना ‘नोटीसवाला’ म्हणून लिहिलंय. तो माणूस वर्षानुवर्षं फुकटात मंडळाचा हिशेब लिहितो, आणि एका रात्रीत चारशे घरांत तो चोर ठरला. किराणा दुकानात त्याच्या बायकोकडे लोक कसे बघत असतील याचा विचार करा. आरोप खोटा असेल तर नोटीस पाठवण्यात त्याचं काही चुकलेलं नाही.

आणि आरोप खरा असेल तर? लिहिणाऱ्या पोराला बचाव आहे, पण तो त्यालाच सिद्ध करावा लागेल: आरोप खरा होता आणि तो सांगणं लोकहिताचं होतं. दिवाणीत खरेपणा पुरतो. ‘सगळे म्हणत होते’ हा पुरावा नाही. पावतीपुस्तकं, बँकेचं स्टेटमेंट, खर्चाची बिलं लागतील. खरं तर त्याने हीच तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केली असती तर कलम ३५६ च्या अपवादातच ती बसली असती. मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. नोंदणी नसेल तरी वर्गणी गोळा करणाऱ्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१-सी लागू होतं, हिशेब द्यावाच लागतो. आणि त्याआधी मंडळाची सभा आहे. हिशेब मागणं हा प्रत्येक वर्गणीदाराचा हक्क आहे, तो बजावायला रात्री साडेअकराला ग्रुपवर लिहावं लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की नोटिशीत दिलेल्या मुदतीत छोटं, तथ्यांपुरतं उत्तर पाठवा. मजकूर तुमचा नाही, अमुक दिवशी काढला, नागपूरच्या निकालाप्रमाणे जबाबदारी येत नाही, एवढंच. उलट धमकी नको, ‘आम्हीही पाहून घेऊ’ नको. त्याच आठवड्यात मंडळाची सभा बोलवा, खजिनदारांना वह्या घेऊन यायला सांगा, आणि मंडळाशी संबंध नसलेल्या एखाद्या सीएकडून हिशेब तपासून घ्या. माझ्याकडची अशी बरीच प्रकरणं हिशेबाचा कागद टेबलावर आल्यावर मिटली आहेत. हिशेब बरोबर निघाला तर पोराने त्याच ग्रुपवर माफी लिहावी, खजिनदाराने फिर्याद करू नये, असं लेखी ठरवता येतं. नाही निघाला, तर नोटिशीचं पुढे काय करायचं हे त्यांचे वकीलच त्यांना सांगतील.

एक शेवटचं: नोटिशीबरोबर आलेलं पाकीट फेकलं नसेल तर ते जपून ठेवा. मुदत नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि तो दिवस ठरवायला पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि ट्रॅकिंग नंबर लागतो.